कडोदऱ्याची कॅडेट

आपल्या बेळगावात वर्दीचं अप्रूप असायचं काही कारण नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून इथं आहे. कॅम्प भागात राहणाऱ्यांना पहाटे धावणाऱ्या रंगरुटांच्या बुटांचा आवाज हाच गजर, आणि पेन्शनीत आलेला एखादा सुभेदार नाही असं गाव आजूबाजूला शोधावंच लागेल. जावई फौजी आहे म्हटलं की आपल्याकडं लोक डोळे झाकून पोरगी देतात. पण त्याच घरातली पोरगी खाकी घालून, केस जाळीत बांधून पहाटे बाहेर पडली की शेजारची बाई दार अर्धं उघडून बघते. "कुठं गं एवढ्या सकाळी?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न पोरीला नाही, तिच्या आईला विचारतात, आणि तो बहुधा लग्नाचाच असतो.

हे सगळं मनात यायचं कारण म्हणजे माझी भाची. ती बेळगावात नसते. ती असते कडोदऱ्याला, सुरतेजवळ. दिवाळीनंतर नोव्हेंबरात मी तिथं आठ दिवस राहून आले. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं पोर आहे, त्यांना तिची हकिगत उपयोगी पडेल असं वाटतं.

कडोदरा म्हणजे नेमकं कुठं, ते आधी सांगते. सुरतेहून बारडोलीच्या रस्त्यानं निघालं की मुंबई-अहमदाबाद हमरस्ता जिथं आडवा येतो, ती चौफुली. तिकडं तिला 'चार रस्ता' म्हणतात. पुढं पंधरा-वीस किलोमीटरवर बारडोली, तेच १९२८ च्या सत्याग्रहाचं, वल्लभभाईंना 'सरदार' करणारं. कडोदऱ्याला मात्र इतिहास बघायला फुरसत नाही. साड्या रंगवायच्या आणि छापायच्या गिरण्या, त्यांच्या चिमण्या, बॉयलरची वाफ, रंगाचा उग्र वास, ट्रकांची रांग आणि बाजूला उसाची शेतं. गिरण्यांत बारा-बारा तासांची पाळी चालते. कामगार ओडिशाचे, उत्तर प्रदेश-बिहारचे, आणि आपले खानदेशी तर पुष्कळ. दुकानात गेलं तर एकाच काउंटरवर गुजराती, हिंदी, अहिराणी आणि ओडिया ऐकू येते. आपण दोन भाषांवरून डोकी फोडली, तिथं चार भाषांत उधारी चालते!

माझ्या धाकट्या बहिणीचं घर मूळचं वडगावचं, हातमाग-यंत्रमागवाल्यांचं. सासरी कन्नड, आमच्या माहेरी मराठी, त्यामुळं पोरीला दोन्ही भाषा दुधाबरोबर मिळाल्या. वडगाव-खासबागच्या मागांचं पुढं काय झालं ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. सुरतेची स्वस्त साडी बाजारात आली आणि आपल्या साडीला गिऱ्हाईक उरेना. दाजींनी माग विकले आणि ज्या सुरतेनं माग बंद पाडले तिथंच जाऊन नोकरी धरली. यावर ते स्वतःच हसतात. आता एका गिरणीत रंगखात्यात आहेत. आठवडा दिवसपाळी, आठवडा रात्रपाळी.

भाची सुरतेच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि पहिल्या वर्षापासून एनसीसीत आहे. परेडच्या दिवशी पोरगी साडेचारला उठते. चार रस्त्यावरून रिक्षा, मग बस, आणि साडेसहाला मैदानावर. एक मिनिट उशीर झाला तर मैदानाला फेऱ्या. बहीण म्हणाली, "अक्का, पहिले सहा महिने मी रोज तिच्यासंगं चार रस्त्यापर्यंत चालत जायचो. आता ती एकटी जाते. काळोखात ट्रकवाले पण वर्दी बघून बाजूला होतात बघ." (बेळगावची बाई गुजरातेत वीस वर्षं राहिली तरी 'मी जायचो'च म्हणते, ते काही सुटत नाही.)

वर्दी तयार करायचं काम मात्र दाजींचं आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात घरात इस्त्री धरली नाही, तो परेडच्या आदल्या रात्री पातेल्यात कांजी शिजवतो. विणकराला सुताला खळ कशी द्यायची ते शिकवावं लागत नाही. किती पातळ, किती घट्ट, कपडा किती ओला असताना इस्त्री फिरवायची, सगळं हाताला माहीत. भाचीच्या तुकडीत तिच्या बाहीची घडी सर्वांत धारदार असते आणि उस्ताद इतरांना ती दाखवतात, हे तिनं मला दाजींच्या देखत सांगितलं. ते ऐकलं न ऐकल्यासारखं करून पाणी प्यायला उठले.

उस्ताद म्हणजे सैन्यातून एनसीसीवर नेमणुकीला आलेले हवालदार. मुलं त्यांना उस्तादच म्हणतात. नोव्हेंबरातला चौथा रविवार हा एनसीसीचा दिवस. त्या दिवशी संचलन होतं म्हणून मी फाटकाबाहेर उभी राहून बघितलं. सगळे हुकूम हिंदीतून. सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल, थम. शंभरेक पोरं-पोरी, त्यांत घरी गुजराती बोलणारे, ओडिया बोलणारे, खानदेशी, भोजपुरी आणि आमची एक कन्नड-मराठी. 'पीछे मुड' म्हटल्यावर सगळ्यांच्या टाचा एकदम वाजतात, तेव्हा कोण कुठला ते ओळखता येत नाही. संचलन संपल्यावर भाचीनं उस्तादांना सांगितलं, मावशी बेळगावहून आली आहे. तो सातारकडचा हवालदार, मराठा रेजिमेंटचा. बेळगाव म्हणताच चेहरा असा फुलला की जणू त्याचं आजोळ! "माझी कसम परेड तिथंच झाली, ताई. पहिल्या महिन्यात रडायला यायचं." भाची मागं उभी राहून हसत होती. तीन वर्षांत उस्ताद तिच्याशी मैदानावर एक शब्द मराठीत बोललेले नाहीत. मैदान सुटल्यावर मात्र डब्यातली चटणी मागतात.

आता जरा या एनसीसीबद्दल. आपल्याकडं दोन टोकाचे समज आहेत. काहींना वाटतं, ही सकाळची कवायत आणि वर दोन समोसे, म्हणजे अभ्यासाचं नुकसान. काहींना वाटतं, एनसीसी केली की पोर फौजेत अधिकारी झालंच. दोन्ही चूक.

विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण द्यायची कल्पना इंग्रजांची. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, विद्यापीठांतून अशी दलं निघाली. दुसऱ्या महायुद्धात त्याचं 'युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर' झालं, कारण इंग्रजांना अधिकारी हवे होते. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिच्या शिफारशीवरून १९४८ मध्ये संसदेनं कायदा करून राष्ट्रीय छात्रसेना उभी केली. मुलींचा विभाग पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये निघाला. हे मुद्दाम सांगते, कारण 'हल्लीच्या पोरींची नवी थेरं' असं म्हणणाऱ्यांना ठाऊक नसतं की या थेरांना पंचाहत्तरहून अधिक वर्षं झाली! चीनच्या युद्धानंतर १९६३ पासून कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली, ती १९६८ पर्यंत. त्या वर्षांत कॉलेजात असलेल्या आजोबांना विचारून बघा. दाहिने-बाएंचा गोंधळ आणि जाड खाकी चड्डी ते अजून विसरलेले नसतील. त्यानंतर मात्र ती ऐच्छिक आहे आणि आज उलटी तऱ्हा आहे. ज्या कॉलेजात एनसीसी आहे तिथं जागा थोड्या आणि रांग मोठी. धावणं, उंची, तोंडी प्रश्न असं सगळं घेऊन निवड करतात. पुष्कळ खासगी कॉलेजांत तर एनसीसीच नाही. प्रवेश घेताना पालक कॅन्टीन बघतात, वसतिगृह बघतात, हे विचारत नाहीत.

देशभरात एनसीसीची १७ संचालनालयं आहेत. महाराष्ट्राचं वेगळं. गुजरातबरोबर दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव. आणि आपलं कोणतं? 'कर्नाटक आणि गोवा'. म्हादईच्या पाण्यावरून दोघे कोर्टात भांडतात, पण दिल्लीच्या परेडला दोघांची पोरं एकाच पाटीखाली उभी राहतात. गंमत म्हणून सांगत नाही, यातला मुद्दा आमच्या घराला लागू आहे. छात्राची नोंद तो शिकतो तिथं होते. आजोबांचं गाव, घरातली भाषा, रेशनकार्डावरचा जुना पत्ता यांतलं काही त्याच्या आड येत नाही. आमची भाची प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी निवडली गेली असती, तर ती गुजरातची म्हणून गेली असती. ती दुसऱ्या वर्षी निवडीच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोचली आणि तिथं राहिली. वडगावात तिला 'सुरतवाली' म्हणतात, सुरतेत 'मराठी', खानदेशी बायका 'कानडी' म्हणतात. तिच्या छातीवरच्या पट्टीवर मात्र फक्त तिचं नाव आहे, आणि खांद्यावर गुजरात. तिला विचारलं, तुला कसं वाटतं? म्हणाली, "मावशी, बरं वाटतं. कुठलं तरी एक लिहिलेलं आहे."

या वाक्यावर मी रात्रभर विचार करत होते. आपण १९५६ पासून पाट्यांवर कोणतं नाव लिहायचं यावर पिढ्या घालवल्या. त्यातलं दुःख खरंच आहे, मी ते हलकं करत नाही. पण पोरांना पाटी हवी असते ती उभं राहायला जागा म्हणून, एवढंच मला त्या रात्री वाटलं.

सीमेवरून आठवलं. १५ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितलं की सीमेवरच्या आणि समुद्रकाठच्या १७३ जिल्ह्यांत एनसीसीचे एक लाख नवे छात्र घ्यायचे, त्यांत एक तृतीयांश मुली. ते ऐकून आमच्या गल्लीतले एक काका म्हणाले होते, "आता आपल्या सीमाभागाचं भलं झालं!" त्यांना समजावताना पुरेवाट झाली की ही सीमा देशाची, आपली नव्हे.

कॉलेजातली तीन वर्षं म्हणजे नेमकं काय, तेही सांगते. दोन वर्षांनी 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा, तिसऱ्या वर्षी 'सी'ची. परीक्षेला बसायचं तर परेडला ७५ टक्के हजेरी पाहिजे आणि वार्षिक शिबिर केलेलं पाहिजे. परीक्षेत लेखी असतं, कवायत असते, रायफल उघडून जोडायची असते, नकाशा वाचायचा असतो. पॉइंट टू-टू रायफलनं गोळीबाराचा सराव मिळतो. पहिल्या वेळी भाचीचा खांदा दोन दिवस दुखत होता आणि निशाणीच्या कागदावर एकही भोक नव्हतं. "शेजारच्या पोरीच्या कागदावर जास्त भोकं निघाली," ती म्हणाली, "ती माझी असणार."

शिबिर दहा दिवसांचं. दीडदोनशे पोरी एका शाळेच्या वर्गांतून जमिनीवर सतरंज्या टाकून झोपतात. पहाटे शिट्टी, रांगेत आंघोळ, रांगेत जेवण, रात्री आळीपाळीनं पहारा. पहिल्या शिबिरात भाचीनं तिसऱ्या दिवशी फोन केला. रडत होती. पाणी पुरत नाही, डाळीला चव नाही, भाकरी तर नाहीच. बहिणीनं दाजींना सांगितलं, जाऊन घेऊन या. दाजी रात्रपाळी करून आले होते. म्हणाले, दोन दिवस थांबू. पाचव्या दिवशी पोरीनं फोनच केला नाही. आता ती सिनियर अंडर ऑफिसर आहे, म्हणजे छात्रांतला सर्वांत वरचा हुद्दा. नव्या पोरी तिसऱ्या दिवशी रडायला लागल्या की त्यांना फोन करू न देता आधी पाणी भरायच्या रांगेत उभं करते. हे मला जरा कठोर वाटलं. तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "रांगेत दुसरी रडणारी भेटते ना, मावशी. मग दोघी गप्प होतात."

सगळंच छान आहे असं मुळीच नाही. पाहुणे आले की मानवंदनेला छात्र, नेत्यांचा कार्यक्रम असला की गर्दी आवरायला छात्र, स्वच्छतेची फेरी निघाली की फलक धरायला छात्र. उन्हात दोन तास पोरं उभी आणि पाहुण्यांची गाडी रस्त्यातच. याला शिस्त म्हणायचं की फुकटची माणसं, असा प्रश्न मला पडतो. काही ठिकाणी हजेरीपट भरलेला आणि मैदान रिकामं, असंही ऐकायला मिळतं. जिथं एनसीसी सांभाळणारा प्राध्यापक मनापासून करतो तिथं चांगलं चालतं. हे प्राध्यापकही शिकवणं सांभाळून प्रशिक्षण घेतात, पुरुष नागपूरजवळ कामठीला आणि बायका ग्वाल्हेरला. भाचीच्या कॉलेजातल्या बाई तशा आहेत. ही नशिबाची गोष्ट.

आता मूळ मुद्दा. फेब्रुवारीच्या सुमारास भाचीची 'सी'ची परीक्षा आहे, आणि त्याच सुमाराला घरात दुसरी एक गोष्ट चालली आहे. वडगावहून स्थळ आलं आहे. घर चांगलं, माहितीतलं, अजून चार माग चालवणारं, मुलगा नोकरीला. दाजींचं म्हणणं, एवढं चांगलं स्थळ परत येणार नाही, गावाकडं परतायचा धागाही राहील. "दोन वर्षं झाली, बी झालं. एरडु वर्ष आतु, साकु," असं ते एका रात्री म्हणाले. साकु हा शब्द आपल्या घरांत केवढा मोठा असतो ते तुम्हाला सांगायला नको. साकु म्हटलं की ताटात वाढणं थांबतं, बोलणं थांबतं आणि पोरींचं शिकणंही थांबतं.

भाची त्यांना काही बोलली नाही. माझ्यापुढं एक कागद ठेवला. सैन्यात अधिकारी व्हायला एनसीसीवाल्यांना जी खास वाट आहे, तिच्या अटी त्यावर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिल्या होत्या. 'सी' प्रमाणपत्र, निदान 'बी' श्रेणीत. पदवीला ५० टक्के गुण. वय १९ ते २५. आणि चौथी अट: अविवाहित. चौथीच्या खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

या वाटेनं लेखी परीक्षा माफ असते, बस्स. बाकी काही माफ नाही. सेवा निवड मंडळाची मुलाखत पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी चाळणी लावून पुष्कळांना परतीच्या गाडीत बसवतात. राहतील त्यांना पडद्यावर एकेक चित्र अर्धा मिनिट दाखवून चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. एकेक शब्द दाखवून पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचं, असे ६० शब्द. मग मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपं देऊन गटानं अडथळे पार करायचे. इंग्रजी बोलायची धास्ती हा आपल्या छोट्या गावांतल्या पोरांचा मोठा अडसर. भाची आरशासमोर उभी राहून इंग्रजीत बोलायचा सराव करते आणि रात्रपाळीहून येऊन झोपलेले दाजी कुशी बदलतात. एवढं करून मुलींना जागा किती? एका तुकडीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. निवड झालीच तर चेन्नईच्या अकादमीत ४९ आठवडे प्रशिक्षण, आणि त्या काळातही लग्न करता येत नाही. परीक्षा, निकाल, अर्ज, मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि मग प्रशिक्षण, असा सगळा हिशेब घातला तर थांबायचं म्हणजे दोन वर्षं धरून चाला.

दाजी म्हणाले, "अक्का, तुम्हीच सांगा. देशातल्या एवढ्या पोरींतून आमचीच लागंल कशावरून? नाही लागली तर? स्थळपण गेलं, वयपण गेलं."

त्यांचं चुकत नव्हतं. आकडे त्यांच्या बाजूनंच होते. रंगखात्यात काम करणारा माणूस दहा रुपयांची जोखीमही मोजून घेतो, आणि हे तर पोरीचं आयुष्य. मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. फक्त एक गोष्ट सांगितली, ती बेळगावकर म्हणून. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला ज्या कर्नल सोफिया कुरेशी साऱ्या देशासमोर आल्या, त्या लेक बडोद्याच्या आणि सून आपल्या गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरची. त्या दिवसांत कोण्णूरला किती पेढे वाटले, ते आपण सगळ्यांनी बघितलं. पण त्या चेन्नईच्या याच अकादमीतून अधिकारी झाल्या १९९९ मध्ये. सैन्यानं बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात करून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. कायम नेमणुकीचा हक्क सुप्रीम कोर्टानं दिला तो तर फेब्रुवारी २०२० मध्ये. सुनेचे पेढे आपण खाल्ले. पण ती लेक होती तेव्हा कुणाच्या तरी बापाला आकडे असेच दिसले असतील की! दाजी काही बोलले नाहीत. पण त्या रात्री कांजी शिजत होती.

माझं मत विचाराल तर मी भाचीला असं सांगितलं: निवड होईल असं धरू नकोस, पण परीक्षा सोडू नकोस. 'सी' एकदा हातात आलं की ते कायमचं, पंचविशीपर्यंत दार किलकिलं राहतं. पोलीस भरतीत, निमलष्करी दलांत त्याचं वजन पडतं. आणि तीन वर्षं पहाटे साडेचारला उठलेल्या पोरीनं शेवटचे तीन महिने कुणाच्या तरी सोयीसाठी सोडावेत हे मला पटत नाही. स्थळाचं काय, तर चांगलं घर असेल तर थांबेल, आणि थांबत नसेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं. बहीण म्हणाली, "मग हे तूच वडगावात जाऊन सांग, अक्का." म्हणजे झालं, गाठोडं माझ्याच डोक्यावर!

परत आल्यावर मागच्या बुधवारी गेले. मुलाची आई मागाजवळ कांड्या भरत होती, वडील ताणा जोडत होते. चहा झाला. मी सगळं सांगितलं, परीक्षा, चेन्नई, अविवाहितची अट. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग विचारलं, "चेन्नईत एष्टु दिवसा री?"

"नल्वत्तोंबत्तु वार," मी म्हटलं.

मागाच्या खटखटीत वडिलांना तेवढाच शब्द ऐकू गेला. माग थांबवून त्यांनी मान वर केली. "एकोणपन्नास वार? पाच नऊवारी होतील की. वर चार वार उरतात."

बाई हसल्या. मी पण हसले. त्यांना वार म्हणजे आठवडा हे समजावून सांगितलं, तेव्हा ते परत ताण्याकडं वळले आणि बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. पानं उलटत फेब्रुवारीवर आल्या.

"परीक्षा कुठल्या तारखेला म्हणालात?"